बापरे प्रति तास

विज्ञान जनतेपर्यंत पोहोचलं पाहिजे, याबद्दल आजवर कोणाचंही दुमत झालेलं नाही. (याबाबत विज्ञानाला आणि जनतेला कोणी विचारलेलं नाही, पण दोघांचाही आक्षेप नोंदवलेला आढळत नाही.) वादाचा मुद्दा एवढाच की, ते पोहोचलं हे ओळखायचं कसं. पार्सल पोहोचलं की सही मिळते, पाहुणा पोहोचला की फोन येतो. पण विज्ञान एखाद्याच्या डोक्यात जाऊन पोहोचलं तर बाहेरून काहीच दिसत नाही. माणूस पूर्वीसारखाच दिसतो, फार तर थोडा जास्त दमलेला. ही अडचण पिढ्यान्‌पिढ्या तशीच पडून होती. ती अखेर एका खगोल संस्थेच्या लोकविज्ञान विभागाने सोडवली, आणि त्याबद्दल विभागाचं करावं तेवढं कौतुक थोडंच आहे.

विभागाने 'बापरे' हे एकक ठरवलं.

तर्क अगदी सरळ होता. माणसाला एखादी थोर गोष्ट कळली की तो 'बापरे' म्हणतो. अर्थात माणूस 'बापरे' म्हणाला की त्याला थोर गोष्ट कळली. (छतातून पाणी अंगावर पडलं तरी माणूस 'बापरे' म्हणतो, असा आक्षेप समितीतल्या एका सदस्याने घेतला. तो गंभीरपणे विचारात घेऊन समितीने व्याख्यानाच्या हॉलचं छत दुरुस्त करून घेतलं.)

एककाचे पोटनियम असे. दोन रांगा पलीकडे स्पष्ट ऐकू आलेला, स्वखुशीने उच्चारलेला 'बापरे' म्हणजे एक बापरे. 'अय्या' आणि 'अगं बाई' हे अर्धे. 'काय सांगता' पाव. जांभई एक वजा; मात्र जांभई देणाऱ्याने तोंडावर हात ठेवला असेल तर सौजन्य म्हणून माफ. आणि 'हं' शून्य. 'हं' म्हणणारा माणूस ऐकत असतोच असं नाही, ही माहिती समितीतल्या सर्व विवाहित सदस्यांनी एकमताने दिली.

मोजणीसाठी एक मोजणीस नेमला. तो तिसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसे. त्याच्या मुठीत एक छोटं यंत्र असे, आणि दर बापरेला तो अंगठ्याने त्याचं बटण दाबे. त्याच्या कानात फरक पडू नये म्हणून संस्थेने एक प्रमाण बापरे ध्वनिमुद्रित करून कुलूपबंद कपाटात जतन केला होता. लिफ्टची तक्रार केल्या दिवशीच लिफ्ट चालू झालेली पाहून भांडारपालाच्या तोंडून जो बापरे निघाला, तो हा. तज्ज्ञांच्या मते इतका निर्भेळ बापरे पुन्हा मिळणं अवघड आहे. वर्षातून एकदा मोजणीसाला तो ऐकवला जाई, आणि त्या दिवशी त्याला अर्धी सुट्टी असे.

या विभागाचं भूषण म्हणजे डॉक्टर. ते माणसांचे डॉक्टर नव्हते, ताऱ्यांचे होते. पण त्यांच्या इमारतीत हा फरक कोणी फारसा मनाला लावून घेत नसे. जिन्यात भेटलेले शेजारी त्यांना गुडघा दाखवत. सुरुवातीला डॉक्टर 'मी तो डॉक्टर नव्हे' असं समजावून सांगत. त्यावर शेजारी 'असू दे, पण तुम्हाला काय वाटतं' असं विचारत. पुढे पुढे डॉक्टर 'शेकून पाहा' असं सांगू लागले, आणि दोन-तीन गुडघ्यांना त्याने बरंही वाटलं. विज्ञान आणि जनता यांच्यातली दरी बुजवण्याचं डॉक्टरांचं कार्य इथूनच सुरू झालं, असा उल्लेख त्यांच्या गौरवपत्रात आहे.

लोकविज्ञानात येण्यापूर्वी डॉक्टर काम करत असत. (हे वाक्य संचालकांनी गौरवपत्रातून काढायला लावलं.) ते एका मंद, कोणाच्या खिजगणतीत नसलेल्या ताऱ्याचं अंतर मोजत होते. त्या ताऱ्याला नाव नव्हतं, नुसता लांबलचक क्रमांक होता, म्हणून डॉक्टर त्याला 'आपला तो' म्हणत. घरातही त्याच नावाने त्याची विचारपूस व्हायची. डॉक्टर बाहेरून आले की सासूबाई विचारत, "काय जावईबापू, आपला तो बरा आहे ना?" आणि डॉक्टर मनापासून उत्तर देत की, आज ढग आहेत, दिसला नाही.

अशा ताऱ्याचं अंतर काढायचं तर त्याच्याकडे दोनदा बघावं लागतं. पृथ्वी सूर्याच्या एका बाजूला असताना एकदा, आणि सहा महिन्यांनी ती दुसऱ्या बाजूला गेली की पुन्हा एकदा. मधल्या काळात तारा मागच्या ताऱ्यांच्या मानाने किती सरकलेला दिसतो, त्यावरून हिशेब निघतो. डॉक्टरांनी पहिल्यांदा बघून घेतलं आणि ते वाट बघत बसले. नेमके तेव्हाच संचालक दुर्बिणीच्या घुमटात आले, त्यांनी डॉक्टरांना खुर्चीत बसलेलं पाहिलं आणि विचारलं, "सध्या काय चाललंय?"

"सहा महिने थांबायचंय, सर," डॉक्टर म्हणाले.

"म्हणजे मोकळेच आहात," संचालक म्हणाले, आणि त्यांनी डॉक्टरांना तात्पुरतं लोकविज्ञान विभागात पाठवलं. त्या तात्पुरत्याला आता अकरा वर्षं होत आली होती. पहिलं बघणं कधीच शिळं झालं होतं. आपला तो एकदाच बघून सोडून दिलेला राहिला, आणि याची खंत डॉक्टरांच्या मनातून एक दिवसही गेली नाही.

डॉक्टरांचं पहिलं भाषण 'ताऱ्यांचं अंतर कसं मोजतात' या विषयावर होतं. मोजणीसाने नोंदवलेला निकाल: वजा एकोणीस. भाषण संपल्यावर डॉक्टर कागद गोळा करता करता स्वतःशीच पुटपुटले की, ज्या सूर्यात तेरा लाख पृथ्व्या मावतील त्याची यांना काही पडलेलीच नाही. माइक चालू होता. पुढच्या रांगेतली एक बाई दचकून जागी झाली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "बापरे." दाराशी उभे असलेले संचालक जागच्या जागी थबकले. एका कारकिर्दीचा उदय आपल्या डोळ्यांदेखत झाला, असं ते नंतर प्रत्येक समारंभात सांगत.

त्यानंतर डॉक्टरांनी मागे वळून पाहिलं नाही. (पाहू दिलं गेलं नाही.) सूर्याने त्यांना पहिल्या वर्षी तासाला चाळीस बापरे मिळवून दिले. पण बापरेलाही महागाई असते. दुसऱ्या वर्षी त्याच तेरा लाख पृथ्व्यांचे सतरा आले, आणि तिसऱ्या वर्षी श्रोते त्यांच्याबरोबर एका सुरात "तेरा लाख" म्हणू लागले. तेव्हा डॉक्टरांनी चमचा काढला. साधा, स्टीलचा, घरातला. न्यूट्रॉन ताऱ्याचा चमचाभर ऐवज घेतला तर त्याचं वजन जगातल्या सगळ्या माणसांच्या एकत्रित वजनाहून जास्त भरेल, असं सांगून ते चमचा हळूहळू वर उचलत आणि उचलताना कपाळावर आठी आणत. हॉल डोक्यावर घेतला जाई. एका रविवारी तर एकशे दहा बापरे आणि तीन 'अगं बाई' नोंदले गेले.

पुढे डॉक्टरांना चमच्याशिवाय कुठेही जाण्याची सोय राहिली नाही. बँकेत, लग्नात, दाढदुखीसाठी गेले तरी दंतवैद्याच्या खुर्चीत त्यांना लोक म्हणत, "तो चमचा एकदा उचलून दाखवा ना." चमच्यावर प्रश्नही विचारले जात. सर्वाधिक विचारला गेलेला प्रश्न: वाटीभर घेतलं तर? त्याखालोखाल: चमचा वाकत कसा नाही? आणि तिसरा: चमचा कुठून घेतलात? 'हे कळलं कसं' असा प्रश्न त्या सगळ्या वर्षांत एकदाही आला नाही. डॉक्टर मात्र प्रत्येक भाषणात शेवटची पाच मिनिटं त्याच प्रश्नासाठी राखून ठेवत, आणि ती पाच मिनिटं श्रोते आपल्या चपला शोधण्यासाठी वापरत.

संस्थेचीही भरभराट झाली. प्रत्येक संशोधकाने संशोधन सुरू करण्यापूर्वी 'अंदाजे बापरे' कळवावेत, असा नियम आला. अवकाशातल्या धुळीवर हयात घालवलेल्या एका बाईंना धुळीतून 'हं'च्या पलीकडे काही निघणार नाही असं सांगण्यात आलं. त्या आता स्वागतकक्षात पुष्परचना बघतात आणि त्यांना बरे बापरे मिळतात. कोणताही आकडा जनतेला हत्तींमध्ये सांगितला की चटकन कळतो, असं लक्षात आल्यावर स्वतंत्र हत्ती कक्ष उघडला गेला. तिथे दोन कर्मचारी दिवसभर येतील त्या आकड्यांचे हत्ती करून देत. (आकडा लहान असल्यास पिल्लं धरावीत, उत्तर अपूर्णांकात आल्यास शेवटचा हत्ती बसलेला समजावा.) कक्षाचा व्याप इतका वाढला की त्यांना जागा अपुरी पडू लागली, आणि त्यांची नजर दुर्बिणीच्या घुमटावर गेली. घुमट प्रशस्त होता आणि तिथे आता फारसं कोणी जात नव्हतं.

हे कळलं त्या दिवशी डॉक्टर चमचा खिशात घालून थेट संचालकांच्या केबिनमध्ये गेले.

"सर, घुमट देण्यापूर्वी मला दुर्बीण हवी होती. दोनदाच. मध्ये सहा महिने."

"कशासाठी?"

"आपल्या त्याच्यासाठी, सर. ते राहिलंय."

संचालकांनी चष्मा काढून पुसला. "त्यात बापरे किती?"

"ते मोजल्याशिवाय कसं सांगणार? तेच तर मोजायचंय."

"डॉक्टर, तुम्ही आमचे हुकमी माणूस," संचालक म्हणाले. ते मनाने चांगले होते आणि वाईट बातमी नेहमी कौतुकात गुंडाळून देत. "पण जनतेला ज्यात रस नाही, त्यात आपण जीव का अडकवायचा? एक करा. याच विषयावर भाषण द्या. चमचा न काढता. बारा बापरे मिळाले तर दुर्बीण तुमची. नाही मिळाले तर घुमटात हत्ती."

अशा रीतीने आपल्या त्याचं भवितव्य बारा बापऱ्यांवर येऊन ठेपलं. (एककाचं अनेकवचन 'बापरे' की 'बापऱ्या' याबाबत समितीचा निर्णय प्रलंबित असल्याने इथे सोयीचं रूप वापरलं आहे.)

डॉक्टरांच्या पत्नीचं इमारतीच्या तळमजल्यावर चष्म्याचं दुकान होतं. त्या स्वतः डोळे तपासत. मागच्या बाजूला अक्षरांचा उजळ फलक, पुढे काचेच्या कपाटात फ्रेम, आणि कोपऱ्यात सासूबाईंची खुर्ची. गिऱ्हाईक नसताना सासूबाई वेगवेगळ्या फ्रेम घालून आरशात बघत बसत. डॉक्टर दुकानात आले आणि त्यांनी सासूबाईंवरच सराव सुरू केला.

"आई, हात लांब करा. अंगठा उभा धरा."

"धरला," सासूबाई म्हणाल्या. "बापरे."

"अजून काही झालं नाही, आई."

"होईल ना पण. तुमचं नेहमीच होतं." सासूबाईंना जावयाचा फार अभिमान होता. (घरगुती बापरे ग्राह्य धरले जात नाहीत.)

डॉक्टर हताश होऊन स्टुलावर बसले. "एवढी साधी गोष्ट आहे," ते पत्नीला म्हणाले. "अंगठा धरायचा, एकदा हा डोळा मिटायचा, एकदा तो मिटायचा. अंगठा मागच्या भिंतीवर उडी मारतो. अंगठा जवळ असला तर मोठी उडी, लांब असला तर लहान. उडीवरून अंतर. एवढं कळलं की अर्धं आकाश कळलं. पण मी तीनदा करून पाहिलं, हॉलमध्ये एक माणूस अंगठा वर करत नाही. माझ्या अंगठ्याचे फोटो काढतात."

पत्नी भिंग पुसत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "माझ्याकडे दिवसभर माणसं एक डोळा मिटून बसतात. परवा एक साहेब तर माझं वाक्य पुरं व्हायच्या आत दोन्ही मिटून बसले."

"तुझं कसं ऐकतात मग?"

"नंबर वाढला असेल अशी धास्ती असते हो. तुमच्या ताऱ्याची कोणाला धास्ती आहे?"

डॉक्टरांना हे लागलं. अकरा वर्षं त्यांनी लोकांना चकित केलं होतं, पण धास्ती घालणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं. "म्हणजे मी लोकांना खोटं सांगून घाबरवू?"

"खोटं कशाला? मी बाहेर बसलेली असेन, एवढंच सांगा. ते तर खरंच आहे."

रविवारी सकाळी हॉल गच्च भरला. चमचा बघायला बाहेरगावाहून माणसं आली होती. संचालक पहिल्या रांगेत, हत्ती कक्षाचे दोघे त्यांच्या मागे मोजपट्टी घेऊन (भाषणानंतर लगेच घुमट मोजायला जायचं होतं), मोजणीस तिसऱ्या रांगेत बटणावर अंगठा ठेवून. पत्नी बाहेरच्या व्हरांड्यात टेबल मांडून बसल्या होत्या. आणि खिडकीजवळच्या खुर्चीत नेहमीच्या बाई होत्या. बाजारहाट झाला की हॉल थंडगार असतो म्हणून त्या पिशव्या घेऊन दर रविवारी येत आणि घाम वाळला की जात.

डॉक्टरांनी रिकामा हात वर केला. चमचा नाही हे पाहून हॉलमध्ये कुजबुज झाली. त्यांनी आपल्या त्याची हकिकत सांगितली. तीन जांभया आल्या, तिन्ही माफ झाल्या. मग ते म्हणाले, "आता सगळ्यांनी हात लांब करून अंगठा उभा धरा." शंभरेक मोबाइल वर गेले. मागच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी डॉक्टरांना धीर द्यावा म्हणून 'शाब्बास'चा अंगठा दाखवला आणि हसून मान हलवली. संचालकांनी घड्याळ बघितलं.

तेव्हा डॉक्टर अगदी सहज आवाजात म्हणाले, "डोळे आलटून पालटून मिटल्यावर ज्यांचा अंगठा उडी मारणार नाही, त्यांनी जाताना माझ्या पत्नीला भेटा. बाहेरच बसल्या आहेत. डोळे तपासतात."

मोबाइल खाली गेले. एक अंगठा वर आला, मग चार, मग सगळा हॉल अंगठ्यांनी भरून गेला. सगळे एकमेकांकडे चोरून बघत होते की आपल्याच अंगठ्यात काही खोट नाही ना. डोळे मिटत होते, उघडत होते, चुकून दोन्ही मिटत होते. ज्यांना एकच डोळा मिटता येत नव्हता ते शेजाऱ्याला "जरा माझ्या डोळ्यावर हात धरा" म्हणत होते आणि शेजारी धरत होते. एका नवऱ्याने बायकोचा अंगठा जवळ ओढून पाहिला, मग लांब केला, आणि तिला म्हणाला, "अगं, जवळ असला की जास्त उडतोय." तिने त्याचा ओढून खात्री केली. हत्ती कक्षाच्या दोघांनी मोजपट्टी उघडली आणि ते एकमेकांच्या अंगठ्यांच्या उड्या मोजू लागले. संचालकांनी डावीउजवीकडे बघून आपलाही अंगठा अर्धवट वर केला. मोजणीसाने काही वेळ तग धरला. पण त्यालाही दोन डोळे होते, आणि त्याचा अंगठा बटणावरून उठला.

असा गदारोळ थोडा वेळ चालला आणि मग हळूहळू हॉल गप्प झाला. त्या गप्पपणात खिडकीजवळच्या बाई बोलल्या.

"पण डॉक्टर, भिंतीवरच्या घड्याळापाशी अंगठा असता तर तो कितीसा उडाला असता? माझ्या दोन डोळ्यांमध्ये जागाच एवढीशी. ताऱ्याला ती कुठून पुरणार?"

"नाहीच पुरत," डॉक्टर म्हणाले.

"मग डोळे लांब लांब ठेवायला हवेत."

"हो."

"किती लांब?"

"पृथ्वी सूर्याच्या या बाजूला असताना एक. पलीकडे गेली की दुसरा."

बाई विचारात पडल्या. "म्हणजे एक डोळा आज उघडायचा आणि दुसरा सहा महिन्यांनी."

"बरोबर."

"तुम्ही उघडलात दुसरा?"

"नाही," डॉक्टर म्हणाले. "मधेच मला इकडे बोलावलं."

"हं," बाई म्हणाल्या.

आणि त्यांच्यामागून सगळा हॉल म्हणाला, "हं." तो 'हं' घरात वर्तमानपत्रामागून येतो त्यातला नव्हता. तो संथ होता, लांब होता, आणि काही माणसांनी तो दोनदा म्हटला. कोणी चपला शोधल्या नाहीत. अकरा वर्षांत इतका आनंद डॉक्टरांना कधीच झाला नव्हता, आणि तो लपवावा असंही त्यांना वाटलं नाही.

निकाल दुपारी जाहीर झाला: शून्य. मोजणीसाने प्रामाणिकपणे कबूल केलं की त्याचा अंगठा इतरत्र गुंतला होता. म्हणून ध्वनिमुद्रण तपासण्यात आलं. त्यात एकशे चौऱ्याऐंशी 'हं' आढळले, म्हणजे एकूण शून्य. एक 'अगं बाई' होता, पण चौकशीअंती तो शेजारणीचा अंगठा डोळ्यात गेल्यामुळे निघाल्याचं निष्पन्न झालं आणि तो बाद केला. संस्थेच्या इतिहासात शून्य कोणालाच पडलं नव्हतं. वजा पडलं होतं, पण वजामध्ये निदान श्रोत्यांचा सहभाग दिसतो.

समितीची तातडीची बैठक भरली. भरलेला हॉल एका माणसाने गप्प केला, ही गोष्ट सर्वांनाच चिंताजनक वाटली. श्रोते घरी जाऊनही गप्प होते, अशा बातम्या येत होत्या. काहींनी दिव्याचा खांब, काहींनी समोरच्या गच्चीवरची टाकी अंगठ्यामागे धरून पाहिल्याचं कळलं. अशा वक्त्याला जनतेसमोर ठेवणं धोक्याचं होतं. त्याला जनता फिरकत नाही अशा ठिकाणी हलवावं, असं ठरलं. संस्थेत अशी जागा एकच होती. हत्ती कक्षाने ती त्याच दुपारी बघून नाकारली होती, कारण तिथे लिफ्ट नव्हती.

संचालकांनी डॉक्टरांना केबिनमध्ये बोलावलं. "डॉक्टर, तुमचा अर्ज नामंजूर झालाय. वर शिक्षा म्हणून तुम्हाला घुमटात पाठवतोय, पुढची सूचना मिळेपर्यंत. तिथे त्या जुन्या दुर्बिणीखेरीज काही नाही, याची मला कल्पना आहे. मला फार वाईट वाटतंय."

"मलाही, सर," डॉक्टर म्हणाले. शास्त्रज्ञ म्हणून पुराव्याविना विधान करण्याची त्यांची ही पहिलीच वेळ होती.

जिना उतरताना त्यांना हसू आवरेना. व्हरांड्यात पत्नी टेबल आवरत होत्या. त्यांच्याकडे त्या दिवशी एकोणतीस माणसांनी वेळ ठरवली होती. त्यांनी नवऱ्याचा चेहरा बघितला आणि हळूच म्हणाल्या, "अहो, तोंड जरा पाडा. संचालक खिडकीतून बघताहेत." डॉक्टरांनी तोंड पाडलं आणि फाटकापर्यंत तसंच धरून ठेवलं. तिथून पुढे मात्र ते चक्क उड्या मारत गेले, असं बऱ्याच जणांनी पाहिलं आहे. लोकांनी त्याचा अर्थ मनावर परिणाम झाला असा लावला.

पुढची सूचना कधी मिळालीच नाही, कारण शिक्षा झालेल्या माणसाची आठवण ठेवण्याची पद्धत संस्थेत नाही. डॉक्टरांनी आपल्या त्याला नव्याने एकदा बघितलं. सहा महिने ते खुर्चीत वाट बघत बसले, आणि या वेळी त्यांना मोकळे समजून उचलायला कोणी आलं नाही. मग त्यांनी दुसऱ्यांदा बघितलं, हिशेब केला, तो तपासला, पुन्हा तपासला, आणि सकाळी दुकानात जाऊन पत्नीला अंतर सांगितलं. पत्नी एका गिऱ्हाइकाच्या डोळ्यात बघत होत्या. त्या थांबल्या, डॉक्टरांकडे वळल्या आणि म्हणाल्या, "हं." डॉक्टर सुखावले. सासूबाई अर्थातच बापरे म्हणाल्या.

अंतर किती निघालं, ही उत्सुकता वाचकांना असणं साहजिक आहे. आकडा इथे मुद्दामच दिलेला नाही. तो दिला असता तर आपण बापरे म्हणून पुढच्या कामाला लागला असता, आणि हत्ती कक्षालाही विनाकारण काम वाढलं असतं. मोजायची रीत मात्र वर दोनदा सविस्तर दिली आहे. ती वाचताना किती वाचकांनी प्रत्यक्ष हात लांब करून अंगठा धरला, याची संस्थेने पाहणी केली. (उत्तर: शून्य. एका वाचकाचा हात हलला होता, पण तो चहाच्या कपाकडे गेला.) याबद्दल कोणाचीही तक्रार नाही; वाचक सुजाण असतात आणि त्यांना वाचूनच सगळं कळतं. फक्त एक गोष्ट कानावर घालून ठेवतो. दोन्ही डोळ्यांच्या उडीत फरक पडायला लागला असेल, एकीकडची उडी दुसरीकडच्यापेक्षा किंचित कमी वाटत असेल, तर ते दुर्लक्ष करण्यासारखं नसतं.

(असं काहीही नसतं. आता हात खाली घ्या.)